इटलीची शरदातली सहल : शहरे रेल्वेने, खेडी मोटारीने

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मंडळाच्या गप्पांत ‘यंदा कुठे?’ हा विषय निघतोच. अलीकडे त्याला इटली हे उत्तर बरेचदा येऊ लागले आहे. मुले नोकरीला लागलेली, आईवडील निवृत्त झालेले, सगळ्यांच्या सोयीने जेमतेम पंधरा दिवस जुळलेले, आणि टूरच्या बसमधून आठ दिवसांत दहा शहरे ‘उरकण्याची’ हौस फिटलेली, अशी कुटुंबे आमच्याकडे चौकशी करतात. आम्ही म्हणजे मंडळातल्या ज्या घरांनी ही सहल आपली आपण आखली, ती मंडळी. तेच ते प्रश्न पुन्हा येतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवत आहोत.

पहिला प्रश्न ठरलेला असतो : मोटार भाड्याने घ्यावी की रेल्वेने फिरावे? आमचे उत्तर असे की दोन्ही घ्यावे, पण एकाचे काम दुसऱ्यावर टाकू नये. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही शहरे मोटारीला आत येऊ देत नाहीत. आणि टस्कनीतल्या टेकड्यांवरची गावे रेल्वेला वर चढू देत नाहीत. रेल्वे कुठे सोडायची आणि मोटार कुठे हाती घ्यायची, ही एक जागा नीट ठरली की निम्मी सहल आखून झाली. ती चुकली तर सत्तरीच्या आजी-आजोबांची दमछाक होते आणि परतल्यावर कित्येक महिन्यांनी दंडाची पत्रे बडोद्याच्या पत्त्यावर येऊ लागतात.

दिवस कोणते निवडावेत

शरद ऋतू म्हटला तरी सप्टेंबरअखेर आणि नोव्हेंबरमध्य यांत फार अंतर आहे. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते साधारण २० ऑक्टोबर हा काळ आमच्या मते सर्वांत चांगला. उन्हाळ्याची काहिली संपलेली असते, द्राक्षांची तोडणी चाललेली किंवा नुकतीच संपलेली असते, संध्याकाळी एक स्वेटर पुरतो. अडचण एवढीच की हे दिवस बहुधा नवरात्राचे, आणि बडोद्याच्या घरातल्या तरुण मंडळींना गरबा सोडायला सांगणे सोपे नाही.

म्हणून बहुतेकांची गाडी दिवाळीच्या सुट्टीवर येते. तेव्हा पंचांग आणि इटलीचे घड्याळ दोन्ही पाहावे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात. आपल्यातले अंतर साडेतीन तासांचे साडेचार होते हा त्यातला किरकोळ भाग. महत्त्वाचे हे की शनिवारी सव्वासहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी सव्वापाचलाच मावळतो. रोममध्ये याने काही बिघडत नाही, उलट दिव्यांतले रोम जास्त वेळ पाहायला मिळते. पण टस्कनीच्या वळणावळणाच्या रस्त्यावर, परक्या बाजूने मोटार चालवणाऱ्याला तो एक तास फार मोलाचा असतो.

नोव्हेंबर हा तिथल्या पुष्कळ भागांत सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक. फ्लॉरेन्सचा मोठा पूर आला तोही ४ नोव्हेंबर १९६६ रोजी. १ नोव्हेंबरला सर्व संतांच्या सणाची सार्वजनिक सुट्टी असते, तिला जोडून शनिवार-रविवार आला तर गाड्या आणि हॉटेले भरतात. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला सुचत नाही : इमारतींतली हीटर-व्यवस्था कधी सुरू करायची याच्या तारखा तिथे कायद्याने, हवामानाच्या पट्ट्यांप्रमाणे ठरलेल्या आहेत. मिलान, बोलोन्या, व्हेनिसच्या पट्ट्यात ती १५ ऑक्टोबरपासून, रोम आणि फ्लॉरेन्सच्या पट्ट्यात १ नोव्हेंबरपासून. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात फ्लॉरेन्समध्ये फ्लॅट घेतला असेल आणि बरोबर वृद्ध मंडळी असतील, तर जादा पांघरुणे आहेत का हे घरमालकाला आधी विचारावे. १५ नोव्हेंबरपासून पुष्कळ रस्त्यांवर मोटारीला हिवाळी टायर किंवा बर्फाच्या साखळ्या जवळ असणे सक्तीचे होते, तेही भाड्याच्या कंपनीला विचारून घ्यावे.

दिवाळी ऑक्टोबरात आली तर खाली दिलेला आराखडा जसाच्या तसा चालेल. नोव्हेंबरात आली तर मोटारीचे दिवस निम्मे करावेत, किंवा ते टस्कनीऐवजी ऊबदार सिसिलीत घालवावेत. सगळेच वगळून रोम, नेपल्स, फ्लॉरेन्स असे निव्वळ रेल्वेने फिरले तरी सहल उणी होत नाही.

तेरा रात्रींचा आराखडा

रोममध्ये चार रात्री, फ्लॉरेन्समध्ये तीन, टस्कनीच्या खेड्यात एकाच शेतघरात चार, आणि व्हेनिसमध्ये दोन. विमानाचे तिकीट जाताना रोमचे आणि येताना व्हेनिसचे घ्यावे. अहमदाबाद किंवा मुंबईहून आखाती विमानतळांवर बदलून जाणाऱ्यांना असे तिकीट सहसा मिळते, आणि परतीसाठी पुन्हा रोम गाठण्याचा एक अख्खा दिवस वाचतो.

व्हिसाचे गणित मात्र यात गुंतलेले आहे. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. पंधरा दिवसांच्या भरवशावर मात्र कोणी राहू नये. आम्ही तीन महिने आधी करावा असे सांगतो. अर्जाला राहण्याची आरक्षणे, विम्याचा कागद आणि प्रवासाचा तपशील लागतो. विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा हवा. हॉटेले रद्द करता येतील अशीच घ्यावीत. रेल्वेची सर्वांत स्वस्त तिकिटे मात्र परत होत नाहीत, म्हणून ती व्हिसा हाती आल्यावर काढावीत. व्हिसा लवकर आला तर स्वस्त तिकिटे शिल्लक सापडतात. अर्ज लवकर करण्याचे हे दुसरे कारण.

रेल्वेबद्दल

इटलीत दोन प्रकारच्या गाड्या आहेत आणि दोघींचे नियम वेगळे. पहिल्या जलद गाड्या : सरकारी ट्रेनइटालियाची फ्रेच्चारोस्सा आणि तिची खाजगी स्पर्धक इटालो. रोम ते फ्लॉरेन्स साधारण दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या आसपास. यांत आरक्षित आसन असतेच, आणि भाडे विमानासारखे चढते. आधी काढले तर निम्म्याहून कमी, ऐन वेळी काढले तर डोळे पांढरे होतील इतके. दोन्ही कंपन्यांचे दर पाहून मगच घ्यावे.

दुसऱ्या रेजोनाले, म्हणजे आपल्या पॅसेंजर गाड्या. यांचे भाडे ठरलेले, आरक्षण नाही, आधी काढून काही फायदा नाही. मात्र कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो, आणि मोबाइलवर काढलेले असेल तर त्यात चेक-इन करावे लागते. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, हे तिथे विनातिकीट प्रवासासारखेच मोजले जाऊ शकते.

स्थानकांची नावे इटालियनमध्ये ओळखीची करून ठेवावीत. फ्लॉरेन्स म्हणजे फिरेंझे, आणि तिथे उतरायचे ते सांता मारिया नोव्हेल्ला स्थानक. व्हेनिस म्हणजे वेनेझिया. त्यातले मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचे, सांता लुचिया हे प्रत्यक्ष बेटावरचे. हॉटेल बेटावर असेल तर मेस्त्रेला उतरायची घाई करू नये. पुढच्या दहा मिनिटांत गाडी खाडीवरच्या पुलावरून जाते आणि ती दहा मिनिटे चुकवण्यासारखी नाहीत. फलाटाला बिनारियो म्हणतात. त्याचा क्रमांक बोर्डावर बऱ्याचदा गाडी सुटण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधीच लागतो, म्हणून बोर्डासमोर उभ्या असलेल्या घोळक्याला पाहून घाबरू नये. त्याच बोर्डावर रितार्दो शब्दापुढे आकडा दिसला तर तितकी मिनिटे उशीर.

हमाल मिळत नाहीत. आपली बॅग आपणच उचलून डब्यात चढवायची, आणि काही रेजोनाले डब्यांच्या पायऱ्या उंच असतात. आमचा नियम असा : घरातल्या ज्येष्ठांना जी बॅग स्वतः दोन पायऱ्या वर नेता येईल, तीच त्यांची बॅग. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी मोठ्या स्थानकांवर मोफत मदत मिळते. आधी कळवले की माणूस चाकाची खुर्ची घेऊन येतो आणि लागल्यास लिफ्टने डब्यात चढवतो. या सेवेचे नाव ‘साला ब्लू’. साला म्हणजे इटालियनमध्ये दालन, आजोबांनी मनाला लावून घेऊ नये.

राहिला संप. त्याला शोपेरो म्हणतात, तो आधी जाहीर होतो आणि पुष्कळदा शुक्रवार धरून येतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक गाड्या सोडाव्या लागतात. म्हणून शक्यतो शुक्रवारी गाव बदलू नये, आणि परतीच्या विमानाच्या दिवशी लांबची रेल्वे ठेवू नये. शेवटची रात्र विमान जिथून सुटते त्याच गावी काढावी.

मोटार कुठे घ्यावी

फ्लॉरेन्सची तिसरी रात्र झाली की मोटारीचा दिवस येतो. ती शहराच्या मधल्या कार्यालयातून घेऊ नये. मधला भाग वाहतुकीला मर्यादित आहे, आणि तिथली कार्यालये दुपारी व रविवारी बंद असू शकतात. सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकापासून पेरेतोला विमानतळापर्यंत ट्राम जाते. विमानतळाजवळून मोटार घेतली की शहरात शिरावेच लागत नाही. परत करतानाही तिथेच करावी आणि ट्रामने स्थानकावर येऊन व्हेनिसची गाडी पकडावी. रोमला उतरल्या उतरल्या मोटार घेणारी मंडळीही असतात. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर पहिल्यांदाच उजव्या बाजूने गाडी चालवणे हा धोका आहे, आणि पुढचे सात दिवस ती मोटार पैसे देऊन उभीच करून ठेवावी लागते.

पेरेतोलाहून दक्षिणेकडे जाण्याच्या एका वाटेवर आर्नो नदी ओलांडणारा मोठा तारांचा पूल लागतो. त्याचे नाव पोन्ते आल्लइंदियानो, म्हणजे ‘हिंदी माणसाकडचा पूल’. तो हिंदी माणूस म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडच्या दौऱ्याहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, अवघ्या विशीत, ते फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले, आणि १८७४ साली तिथे छत्री उभी राहिली. पूल १९७८चा, पण नाव या छत्रीवरून. आपल्याला अधिक जवळचे असे की छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, म्हणजे आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा ज्यांनी केला तेच. छत्रीखालचा अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांनी घडवलेला आहे.

मोटारीतून पुलावर थांबता येत नाही, म्हणून छत्री पाहायची तर फ्लॉरेन्सच्या तीन दिवसांतली एक सकाळ तिला द्यावी. कास्चिने नावाची नदीकाठची बाग साडेतीन किलोमीटरांच्या आसपास लांब आहे आणि छत्री तिच्या पार पश्चिम टोकाला. चालवत नसेल तर टॅक्सी करावी. झाडी शरदात पिवळी झालेली असते, माणसे कुत्री फिरवत असतात, आणि बहुतेकांना तो कोण हे ठाऊक नसते. महाराजांची त्या दौऱ्यातली रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ साली प्रसिद्ध झाली. जाण्यापूर्वी चाळता आली तर अवश्य चाळावी.

मोटार हाती घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो इथे आर.टी.ओ.कडून मिळतो, वर्षभर चालतो, आणि अर्जाला पासपोर्ट व व्हिसा दाखवावा लागतो, म्हणजे पुन्हा व्हिसा आधी. कंपनीला मुख्य चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड हवे असते. मुलगा चालवणार आणि कार्ड वडिलांचे, असे काउंटरवर चालत नाही. अनामत म्हणून कार्डावर बरीच रक्कम अडकते. ती खर्चाच्या हिशेबात आधीच बाजूला ठेवावी. पुष्कळ मोटारी हाताने गिअर टाकायच्या असतात. उजव्या हाताने गिअर आणि उजव्या बाजूने रस्ता ही दोन्ही ओझी एकदम नकोत, म्हणून थोडे जास्त पैसे देऊन ऑटोमॅटिक घ्यावी असे आमचे ठाम मत आहे. आणि माणसे मोजून मोटार ठरवू नये, बॅगा मोजून ठरवावी. चार माणसांची मोटार म्हणून दाखवतात तिच्या डिकीत चार मोठ्या बॅगा मावत नाहीत, आणि सीटवर दिसणाऱ्या बॅगा ठेवून चर्च पाहायला जाणे म्हणजे चोराला बोलावणे.

आता झेड.टी.एल. ऐतिहासिक गावांच्या मध्यभागी ठरावीक वेळी फक्त परवानगीच्या वाहनांना प्रवेश असतो; फ्लॉरेन्स, सिएना, पिसा आणि लहान गावेसुद्धा यात आली. खूण म्हणजे पांढऱ्या वर्तुळाला लाल कड, आणि खाली वेळा. पोलीस अडवत नाही, दांडा आडवा येत नाही. कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो घेतो. बाजूला विजेच्या पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ असे लिहिलेले असते. आत्तीवो पाहून प्रवेश चालू आहे असे वाटते, पण चालू असतो तो कॅमेरा! आत जायचे ते ‘वार्को नोन आत्तीवो’ असेल तेव्हाच. एकाच गल्लीत दोनदा फिरलात तर दोन दंड, शिवाय तुमचा पत्ता कळवण्याचे शुल्क भाड्याची कंपनी वेगळे कापते. मोबाइलचा नकाशा यातून वाचवीलच असे नाही. उपाय साधा आहे : गावाच्या तटाबाहेर वाहनतळ असतो, तिथे मोटार लावावी आणि चालत वर जावे. हॉटेलच आत असेल तर त्यांच्याकडून नंबरची नोंद होऊ शकते का हे आधी विचारावे.

रस्त्याकडेच्या रेघांत पांढरी म्हणजे फुकट, निळी म्हणजे पैसे भरून, पिवळी म्हणजे राखीव. वेगमर्यादा टोलच्या महामार्गावर १३०, पावसात ११०. दुय्यम रस्त्यांवर ९०, गावात ५०. गावाबाहेर दिवसाही दिवे लावलेले हवेत. चौकातल्या गोलाकाराला उजवीकडून वळसा घालायचा आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचे. टोलनाक्यावर पिवळ्या टेलेपासच्या रांगेत शिरू नये. चुकून शिरलातच तर मागे घेऊ नये, मदतीचे बटण दाबावे. आत शिरताना मिळालेली चिठ्ठी बाहेर पडताना लागते, ती आजीच्या पर्समध्ये सर्वांत सुरक्षित. पंपावर ‘गाझोलियो’ म्हणजे डिझेल. पेट्रोलला बेन्झिना म्हणतात. अमेरिकेत मुलाकडे राहून आलेल्यांनी इथे जास्त जपावे.

मोटार का, तर यासाठी

फ्लॉरेन्स ते सिएना हा चौपदरी रस्ता टोलचा नाही. त्याच्या पुढे व्हाल दोर्चाचे खोरे लागते, जे २००४ सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पिएन्झा, सान क्विरिको, मोन्ताल्चिनो ही गावे इथलीच. फ्लॉरेन्सहून दोन तासांच्या आत एखाद्या आग्रितुरिझ्मोत पोहोचता येते. हे चालू शेतीतले शेतघर, राहायला खोल्या किंवा स्वयंपाकघरासह छोटे घर. चार रात्री एकाच ठिकाणी काढाव्यात आणि दिवसाला एक, फार तर दोन गावे पाहावीत. नांगरलेल्या तांबूस टेकड्या, सुरूच्या रांगा, सकाळचे धुके. ऑक्टोबरच्या शेवटी जैतुनांची तोडणी सुरू झाली तर नवे हिरवे तेल भाजलेल्या पावावर मिळते, आणि ते घशाला मिरचीसारखे झोंबते. चालकाने एवढे लक्षात ठेवावे की रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षे झाली नसतील तर शून्य. गुजरातेतून गेलेल्यांनी वाइनच्या गावी पोहोचताच कसर भरून काढायची तर रात्री, मोटार उभी केल्यावर.

स्वयंपाकघर हाताशी असणे शाकाहारी घरांना फार सोयीचे. बाहेर खाताना ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, आणि त्यापुढे ‘सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ हेही म्हणावे, कारण रिझोतो आणि सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकते. ताज्या पास्त्यात सहसा अंडे असते. इथला जाडा पीची बहुतेकदा नुसत्या पीठ-पाण्याचा. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट असते, ज्यांना चालत नाही त्यांनी ते वगळायला सांगावे. दुपारचे जेवण अडीचपर्यंत, रात्रीचे साडेसातनंतर. मध्ये स्वयंपाकघर बंद. त्या पोकळीसाठी खाकरा आणि थेपले न्यावेत. पेढे, तूप, पनीर मात्र नेऊ नयेत, युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे.

पाचव्या दिवशी सकाळी लवकर निघून, टाकी भरून, मोटारीचे चारही बाजूंनी फोटो काढून ती पेरेतोलाला परत करावी. व्हेनिसची गाडी दुपारी दोननंतरचीच घ्यावी, म्हणजे पंपावर किंवा काउंटरवर वेळ गेला तरी जीव टांगणीला लागत नाही. व्हेनिसला शरदात भरतीचे पाणी चढू शकते. ऑक्टोबर २०२० पासून मोझे नावाचे पाणदरवाजे मोठ्या भरतीला आडवे येतात, तरीही पाणी सुकवता येतील असे जोडे बरोबर असावेत. हॉटेल बोटीच्या थांब्यापासून किती पूल पलीकडे आहे, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे.